राघूचा पिंजरा : मुळशीच्या परिसरातील पोपटपालनाचा इतिहास

पुणे शहराच्या पश्चिमेस पौडपासून ताम्हिणीच्या घाटमाथ्यापर्यंत पसरलेला मुळशी तालुका हा भातखाचरांचा, देवरायांचा आणि मुसळधार पावसाचा मुलूख असून महाराष्ट्रात आढळणाऱ्या पोपटांच्या बहुतेक जातींना मानवणारे अधिवास या एकाच पट्ट्यात आहेत. तालुक्याच्या पूर्वेकडे, जिथे वस्ती दाट आणि झाडी विरळ होत जाते, तिथे नराच्या गळ्यात गुलाबी-काळे वलय असणारा कंठवाला पोपट सर्रास दिसतो. त्याच्याहून मोठा, खांद्यावर तांबडा पट्टा असलेला आणि बाजारात ‘पहाडी’ म्हणून विकला जाणारा राघू जुन्या उंच झाडांच्या आधाराने राहतो. पानगळीच्या रानात जांभळट डोक्याचा सडपातळ तुइया थव्याने हिंडतो, तर घाटमाथ्याच्या सदाहरित झाडीत निळसर पंखांचा मलबारी पोपट राहतो, ज्याचे रान सह्याद्रीपुरतेच मर्यादित आहे आणि जो जगात अन्यत्र कोठेही सापडत नाही. पुण्यात दीर्घकाळ राहिलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी विल्यम साईक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय यादी १८३२ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केली आणि तिच्यात पोपटांचीही नोंद झाली. परंतु या पक्ष्याशी इथल्या माणसाचा असलेला संबंध त्या यादीहून कितीतरी शतके जुना आहे. त्या संबंधाचा माग काढताना एक गोष्ट वारंवार समोर येते, ती अशी की पोपटाचे बोलणे माणसाने फार आवडीने ऐकले, पण तो मुळात बोलतो कशासाठी, हा प्रश्न त्याने अगदी अलीकडे विचारला.

सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या आणि महाराष्ट्री प्राकृतात रचलेल्या ‘गाथासप्तशती’ या संग्रहातील एका गाथेत आकाशातून उतरणारा पोपटांचा थवा हा जणू आकाशलक्ष्मीच्या गळ्यातून निसटलेला पाचू-माणकांचा हार आहे, अशी कल्पना येते. महाराष्ट्राच्या भूमीशी जोडलेल्या या अत्यंत प्राचीन काव्यसंग्रहात पोपट मोकळा, उडता आणि थव्यातला आहे, ही बाब लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच सुमाराच्या संस्कृत शास्त्रग्रंथांत मात्र तो घरात आणि राजवाड्यात शिरलेला दिसतो. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’ने चौसष्ट कलांमध्ये पोपट आणि मैना यांना बोलायला शिकवण्याच्या कलेचा समावेश केला आहे, आणि कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त अंतःपुराच्या रक्षणाचे नियम सांगताना पोपट व मैना सापाच्या किंवा विषाच्या शंकेने ओरडतात, म्हणून ते जवळ बाळगावेत, असे सुचवले आहे. विषाची जाण हा भाग समजुतीचा म्हणून सोडून दिला, तरी साप दिसताच थव्याला सावध करणारी तीक्ष्ण हाक देणे हे पोपटाचे खरे वर्तन आहे आणि ते त्या काळच्या निरीक्षकांनी अचूक टिपले होते, हे मान्य करावे लागते.

पोपट मारण्याला राजाज्ञेची पहिली ज्ञात आडकाठीही याच प्राचीन काळातली आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाला सव्वीस वर्षे झाल्यावर कोरवून घेतलेल्या पाचव्या स्तंभलेखात ज्या प्राण्यांना अवध्य ठरवले, त्या यादीची सुरुवात पोपट आणि मैना यांच्यापासून होते. महाराष्ट्रात सोपारा येथे अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले असले तरी हा स्तंभलेख इथला नव्हे, तो उत्तरेकडच्या स्तंभांवर आहे. तथापि यादीच्या शीर्षस्थानी पोपट असणे यावरून त्याला धरण्या-मारण्याचा प्रघात त्या काळी किती रूढ असावा, याचा अंदाज येतो. सातव्या शतकात बाणभट्टाने ‘कादंबरी’ची बरीचशी कथा वैशंपायन नावाच्या पोपटाच्या तोंडून सांगितली, आणि त्या कथेत एक म्हातारा शबर शिकारी प्रचंड सावरीच्या झाडावर चढून ढोलीढोलीतून पोपटाची पिल्ले ओढून काढतो, असा प्रसंग रंगवला. पोपटांच्या शिकारीचे इतके भेदक आणि वस्तुस्थितीला धरून असलेले चित्र नंतरच्या तेराशे वर्षांतही क्वचितच कोणी काढले असेल, कारण ढोलीतून पिल्लू काढणे हीच पोपटांच्या व्यापाराचीही मुख्य रीत आजतागायत राहिलेली आहे.

मराठी वाङ्मयात पोपट पकडण्याच्या एका साधनाचा सविस्तर उल्लेख शके १२१२, म्हणजे इ.स. १२९०, मध्ये नेवासे येथे सिद्ध झालेल्या ‘ज्ञानेश्वरी’च्या सहाव्या अध्यायात येतो. ‘शुकनलिका’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या फासात पोकळ नळीचा तुकडा आडव्या दोरीत किंवा काडीत ओवलेला असतो. पोपट त्यावर येऊन बसला की त्याच्या भाराने नळी फिरते, पक्षी उलटा लोंबकळतो आणि पाय कशानेही बांधलेले नसताना भयाने नळी अधिकच घट्ट धरून ठेवतो, तोवर पारधी येऊन त्याला उचलतो. स्वतःच्याच कल्पनेने बांधल्या गेलेल्या जीवाचा दृष्टांत म्हणून ज्ञानदेवांनी हे चित्र योजले आहे. हा दृष्टांत वेदान्तपरंपरेत रूढ असल्याने तेराव्या शतकात गोदाकाठी असेच फास लावले जात होते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. परंतु श्रोत्यांना तो उलगडून सांगण्यात ज्या तपशिलाने नळीचे फिरणे आणि पक्ष्याचे फडफडणे येते, ते पाहता साधन श्रोत्यांच्या ओळखीचे असावे, असे मानणे वाजवी ठरते. संतवाङ्मयातच पोपटाचे दुसरेही एक रूप आहे. राघूला रामनाम शिकवता शिकवता स्वतः उद्धरून गेलेल्या गणिकेची कथा कीर्तनांतून घरोघर पोचली, आणि ओसरीवरच्या पिंजऱ्यातील पक्ष्याकडून देवाचे नाव वदवून घेणे हे पुण्यकर्म आहे, अशी भावना रुजली. पिंजऱ्याच्या प्रथेला मिळालेले हे धार्मिक बळ दुर्लक्षून तिचा इतिहास समजणार नाही, कारण ज्या घरांत मांजर-कुत्र्याला उंबऱ्याच्या आत थारा नव्हता, त्या घरांतही राघूला मानाची जागा होती.

याच्या जोडीला लोककलेत आणि वस्त्रकलेत पोपट सर्वत्र होता. पैठणीच्या काठावर विणली जाणारी ‘मुनिया’ ही हिरव्या अंगाच्या आणि लाल चोचीच्या पोपटाचीच आकृती आहे. तान्ह्या बाळाच्या पाळण्यावर कापडी राघू टांगले जात, आणि पोपटाने मालकिणीला सांगितलेल्या कथांचा ‘शुकसप्तती’ हा संस्कृत संग्रह मराठीत ‘शुकबहात्तरी’ या नावाने उतरला. मुळशीपुरते पाहायचे तर सर्वांत मोलाचा ऐवज जात्यावरच्या ओव्यांचा आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर हे दोघे संशोधक मुळशीच्या डोंगरवस्त्यांतील कष्टकरी स्त्रियांबरोबर ‘गरीब डोंगरी संघटने’चे काम करत असताना या ओव्यांकडे वळले, आणि त्यातून पुढे महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या; कोळवड्यासारख्या मुळशीच्या गावांतील बायकांचा त्यात मोठा वाटा आहे. या ओव्यांत राघू म्हणजे मुलगा आणि मैना म्हणजे लेक, अशी खूण इतकी पक्की आहे की ऐकणाऱ्याला ती उलगडून सांगावी लागत नाही. राघू कामाधंद्याला बाहेर जातो, त्याची वाट पाहिली जाते. मैना सासरी उडून जाते. दळणाऱ्या बाईच्या गाण्यातला हा राघू ये-जा करणारा आहे, आणि रानातल्या थव्यांची ती रोजची ये-जा – पहाटे चाऱ्याकडे, सांजेला रातथाऱ्याकडे – गाणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांसमोर होती.

अर्थात या स्त्रियांच्या घरी पोपटाकडे केवळ मायेने पाहिले जात होते, असे समजणे चुकीचे ठरेल. आंबेमोहोर, नाचणी आणि वरई पिकवणाऱ्या कुटुंबाला ओंबी भरल्यावर उतरणारा तुइयांचा थवा परवडणारा नसे, आणि म्हणून माळा बांधून, गोफण फिरवून, डबे वाजवून राखण करावी लागे. पोपट खातो त्याहून अधिक कुरतडून खाली टाकतो, ही शेतकऱ्याची तक्रार खरीच आहे. पण राखणीचा हेतू थवा उठवून लावणे एवढाच असतो, पिल्लू पकडून आणणे हा नसतो. आणि घरातला पिंजरा व शेतातली गोफण यांचे एकाच गावात एकत्र असणे हा या इतिहासातला विरोधाभास नसून पोपट माणसाच्या किती जवळ राहत होता, याचा पुरावा आहे.

पिंजऱ्यातील पोपटाच्या आहाराविषयी जी परंपरा सनातन मानली जाते, तिचे वय तपासून पाहणे उद्बोधक आहे. हिरवी मिरची आणि पेरूची फोड हे राघूचे ठरलेले खाणे; परंतु मिरची आणि पेरू ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातली असून ती पोर्तुगीजांच्या व्यापारामार्गे सोळाव्या शतकात व त्यानंतर भारतात आली, म्हणजे ज्ञानदेवांच्या काळच्या पोपटाने मिरचीला चोच लावलेली नव्हती. मिरचीचा तिखटपणा ज्या द्रव्यामुळे जाणवतो, ते सस्तन प्राण्यांच्या मज्जातंतूंवर जसे काम करते तसे पक्ष्यांच्या मज्जातंतूंवर करत नाही, त्यामुळे पोपटाला ती झोंबत नाही आणि तिच्यातील जीवनसत्त्वे मात्र मिळतात. तेवढ्यापुरती ही प्रथा हितकारकच ठरली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, चहात बुडवलेली पोळी आणि पुढे बिस्किटे ही तिच्यात पडलेली भर मात्र तशी नाही.

पोपट घरात येत असे तो विकत. रानातून पक्षी धरणे हे फासेपारध्यांसारख्या भटक्या समाजांचे पिढीजात कौशल्य होते, आणि ते विकून मिळणाऱ्या धान्या-पैशांवर त्यांचा निर्वाह चाले. याच समाजांना इंग्रज सरकारने १८७१ पासून गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली जखडले आणि स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये त्यांची त्यातून सुटका झाली, ही पार्श्वभूमी विसरून व्यापाराचा सगळा दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. मागणी शहरांची होती, आणि नफाही शहरी दलालांचा. १८६९ मध्ये उभ्या राहिलेल्या मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटच्या पक्षीबाजाराची ख्याती दूरवर होती. रस्त्याच्या कडेला चिठ्ठी उचलणाऱ्या पोपटाकरवी भविष्य सांगणारे ज्योतिषी गावोगावच्या जत्रांतून फिरत. कंठवाला पोपट साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत ढोलीत घरटे करतो, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडाशी पंख न फुटलेली पिल्ले बाजारात येत. त्यांतली बरीच वाटेतच मरत, आणि जी वाचत त्यांचे पंख छाटले जात. पक्षी व्यापाराचे अभ्यासक अबरार अहमद यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातल्या सुमारे १३०० पक्षीजातींपैकी साडेचारशेच्या आसपास जाती व्यापारात आढळल्याचे दाखवून दिले. हा व्यापार देशापुरता नव्हता. ग्रीक वैद्य क्तेसिअस याने ख्रिस्तपूर्व ४०० च्या सुमारास भारतातल्या बोलक्या पक्ष्याचे वर्णन केले होते, आणि रोमन लेखक प्लिनी याने तर त्याला शिकवताना डोक्यावर लोखंडी कांबीने मारावे लागते, असे निर्विकारपणे लिहून ठेवले. आज लंडनसारख्या युरोपीय शहरांत मोकळे फिरणारे कंठवाल्या पोपटांचे थवे हे विसाव्या शतकातील निर्यातीचे वंशज आहेत आणि जनुकीय अभ्यासांनी त्यांचे मूळ मुख्यतः उत्तर भारत व पाकिस्तानात असल्याचे दाखवले आहे.

कायद्याने या व्यवहारात हात घालायला फार वेळ लावला. १९१२ च्या वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत – म्हणजे संरक्षण मिळालेल्या जातींच्या यादीत – तितर, मोर, बगळे, खंड्या होते, पोपट नव्हता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो यादीत आला, तरी काही वर्षे परवान्याने व्यापार चालूच राहिला, आणि १९९०-९१ मध्ये देशी पक्ष्यांच्या व्यापारावर पूर्ण बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, कंठवाला पोपट दुसऱ्या अनुसूचीत असून तो पकडणे, विकणे किंवा घरात बाळगणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ओसरीवर पिढ्यान्‌पिढ्या राघू पाळणाऱ्या अनेक घरांना ही गोष्ट आजही ठाऊक नसते, आणि ठाऊक झाल्यावर खरी वाटत नाही.

पोपट का बोलतो, या प्रश्नाचे उत्तर मिळाले ते पिंजऱ्याबाहेरच्या आणि प्रयोगशाळेतल्या अशा दोन्ही अभ्यासांतून. पोपट हा अत्यंत सामाजिक पक्षी असून थव्यातील जोडीदाराच्या व सोबत्यांच्या हाका ऐकून त्या उचलणे आणि त्यांना प्रतिसाद देणे यावर त्याचे थव्यातले स्थान टिकून असते. पिल्लूपणीच माणसात आणलेल्या पक्ष्याला थवा म्हणून समोर घरची माणसेच असतात, तेव्हा तो त्यांच्या हाका उचलतो. ज्या बोलण्याचे घरादाराला कौतुक वाटते, ते एकट्या पडलेल्या पक्ष्याने संगतीसाठी केलेले प्रयत्न असतात. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ पासून अभ्यासलेला ॲलेक्स हा आफ्रिकी करडा पोपट रंग, आकार आणि संख्या ओळखून सांगत असे, आणि २००७ मध्ये त्याच्या मृत्यूपर्यंत चाललेल्या त्या कामाने पोपटाच्या बुद्धीविषयीच्या कल्पनाच बदलून टाकल्या. इतकी तल्लख बुद्धी आणि इतकी संगतीची भूक असलेला जीव दिवसभर रिकाम्या तारेच्या घुमटात बसवला, की तो एकच हालचाल तासन्‌तास करत राहतो, किंचाळतो किंवा स्वतःचीच पिसे उपटू लागतो. जुन्या घरांत ‘राघू रागीट झाला’ म्हणून जे सांगितले जाई, ते बहुधा हेच दुखणे होते.

मुळशीत पोपटपालनाला गेल्या तीस वर्षांत नवे वळण लागले आहे. एकेकाळी १९२१ च्या धरणविरोधी सत्याग्रहाने आणि सेनापती बापटांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या तालुक्याच्या पूर्व कडेला हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञान केंद्र, बावधन-पिरंगुटच्या वसाहती आणि धरणकाठचे बंगले उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर परदेशी पोपट घरोघर आले. बजरीगार, कॉकेटिल आणि लव्हबर्ड यांच्यापासून आफ्रिकी करड्या पोपटापर्यंत आणि मकाऊपर्यंत सर्व पक्षी येथे पाळले जातात. यांतील बजरीगार हा ऑस्ट्रेलियाचा छोटा पोपट जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये इंग्लंडला जिवंत नेल्यापासून पिंजऱ्यातच निपजत आला आहे, तर करड्या पोपटाची रानातली संख्या इतकी घटली की २०१६ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वांत कडक निर्बंध आले. भारतात असे निर्बंध असलेल्या परदेशी जातींची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करण्याची तरतूद २०२४ च्या नियमांनी झाली आहे.

कायद्याने बाळगता येणाऱ्या या पक्ष्यांची निगा राखणाऱ्याला जुन्या प्रथेतले थोडे घेता येते आणि पुष्कळ सोडावे लागते. केवळ सूर्यफुलाच्या बियांवर ठेवलेला पोपट लठ्ठ होतो, त्याच्या यकृतात चरबी साठते आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या अभावी तोंड व श्वासनलिका यांचे विकार जडतात; त्याऐवजी गाजर, लाल भोपळा, पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये, राळ्याचे किंवा ज्वारीचे हिरवे कणीस आणि बेताने फळे द्यावी लागतात. चॉकलेट, ॲव्होकॅडो, चहा-कॉफी आणि खारवलेले पदार्थ त्याला घातक असतात. पक्ष्याची फुप्फुसे हवेतील विषारी द्रव्यांना फार लवकर बळी पडतात, म्हणून न चिकटणाऱ्या लेपाचे तवे तापून करपले तर त्या वाफेनेही पोपट दगावतो. त्याला दहा-बारा तास अंधारी शांत झोप लागते, अंघोळीला उथळ पाणी लागते आणि सतत वाढणारी चोच झिजवायला साल असलेली ओली फांदी लागते. आंबा, पेरू किंवा बाभळीची फांदी यासाठी चांगली. खाणे वाटीत आयते ठेवण्यापेक्षा कणसात, शेंगेत किंवा कागदात लपवून दिले, तर रानात चारा शोधण्यात जाणारा वेळ काही अंशी भरून निघतो. पोपटांपासून माणसाला होणारा ‘सिट्टॅकोसिस’ हा श्वसनाचा ज्वर १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून नेलेल्या पक्ष्यांमुळे अनेक देशांत पसरला होता, तेव्हा पिंजरा कोरडा व स्वच्छ ठेवणे आणि नव्या पक्ष्याला काही आठवडे वेगळे ठेवणे हे दोन्ही गरजेचे ठरते.

देशी पोपटाच्या बाबतीत मात्र पाळण्याचा प्रश्न उरलेला नसून परत करण्याचा आहे, आणि तो दिसतो तितका सोपा नाही. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात असलेला राघू पापक्षालनाच्या भावनेने एके सकाळी गॅलरीतून उडवून दिला, तर त्याला चारा शोधता येत नाही, ससाण्याची ओळख नसते आणि उडण्याचे स्नायू दुबळे झालेले असतात; तो बहुधा थोड्याच दिवसांत मरतो. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवून तो बावधन येथील वन्यप्राणी उपचार केंद्रासारख्या ठिकाणी देणे हाच योग्य मार्ग आहे. तिथे छाटलेली पिसे गळून नवी येईपर्यंत थांबावे लागते, ज्याला अनेक महिने लागू शकतात. त्यानंतर पक्ष्याला स्वजातीयांच्या गटात मोठ्या उड्डाणपिंजऱ्यात ठेवून माणसाची सवय तोडतात आणि ज्या भागात त्या जातीचे थवे आधीच आहेत, अशा भागात गटानेच सोडतात. ज्यांना हे साधत नाही, असे पक्षी जन्मभर केंद्रातच सांभाळावे लागतात.

सुटलेल्या पक्ष्याला पुढच्या हंगामात लागते ती ढोली, आणि इथे प्रश्न पुन्हा मुळशीच्या झाडांपाशी येतो. पोपट स्वतः सहसा नवी ढोली कोरत नाही. सुतार किंवा तांबट पक्ष्याने कोरलेले जुने भोक, नाहीतर फांदी मोडून कुजल्याने पडलेली पोकळी तो चोचीने वाढवून वापरतो, आणि अशी पोकळी पन्नास-शंभर वर्षांच्या सावर, हिरडा, बेहडा, आंबा अशा झाडांतच मिळते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा जळण आणि कोळशासाठी तोडलेल्या डोंगरांत अशी वृद्ध झाडे देवाच्या भयाने राखलेल्या या तुकड्यांतच उरल्याचे त्यांनी नोंदवले. ताम्हिणीच्या परिसरातील विंझाईची राई हे अशा राखणीचे उदाहरण असून २०१३ मध्ये जाहीर झालेल्या ताम्हिणी अभयारण्यामुळे तिच्याभोवतीच्या रानालाही संरक्षण मिळाले आहे. अभयारण्याबाहेर मात्र बांधावरचा जुना आंबा रस्ता रुंद करताना तोडला जातो, आणि पिल्ले काढण्यासाठी कुऱ्हाडीने मोठे केलेले ढोलीचे तोंड पावसात भिजून, मुंगसाला आणि सापाला मोकळे होऊन, पुढची अनेक वर्षे कोणत्याही जोडीच्या उपयोगाचे राहत नाही.